औषधालयाचा अग्निविमा : हप्ता कमी करण्याचा योग्य मार्ग

प्रास्ताविक

आपल्या व्यवसायात अग्नी हा नित्याचा सहकारी आहे. क्वाथ, तैलपाक, धूपन, स्वेदन यांपैकी काहीही त्याच्यावाचून होत नाही. साठ्यातही तिळतेल, घृत, कापूर, राळ, गुग्गुळ, वाळलेल्या वनस्पतींची पोती आणि पुठ्ठ्याची खोकी असतात. असे असूनही विम्याचा हप्ता जड वाटू लागला की आपण प्रथम विमा रक्कम कमी करतो. ही चूक प्रस्तुत लेखकानेही केली आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या औषधनिर्माण शेडमध्ये रात्री सदोष वायरिंगमुळे आग लागली. त्या दिवशी साठा १० लाख रुपयांचा होता, विमा ६ लाखांचा आणि नुकसान २ लाखांचे. नुकसान विमा रकमेच्या आत असल्याने भरपाई पूर्ण मिळेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दावा १ लाख २० हजारांवर निश्चित झाला. हप्त्यात दरवर्षी काही शे रुपये वाचविण्याच्या नादात ८० हजार रुपये गमावले.

न्यून विमा म्हणजे काय?

मालमत्तेच्या खऱ्या मूल्याच्या ६० टक्केच विमा उतरविला असेल, तर उरलेल्या ४० टक्क्यांचे विमेदार आपणच ठरतो. म्हणून प्रत्येक नुकसानीचा ४० टक्के भार आपल्यावर येतो. १ एप्रिल २०२१ पासून लघुव्यावसायिकांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी सुरू झाली. एका ठिकाणच्या मालमत्तेचे एकूण मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असल्यास ती घेता येते. तीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षिली जाते; त्यापुढे मात्र प्रमाणाचा नियम लागू होतो.

बँकेचे कर्ज असणाऱ्यांनी विशेष सावध असावे. बँकेने कर्जाच्या रकमेपुरताच विमा उतरविला असेल, तर तोही न्यून विमाच होय.

हप्ता कमी करण्याचे उपाय

१) मूल्य योग्य धरावे. विक्रीसाठी आणलेल्या औषधांचे मूल्य छापील किमतीने न धरता खरेदी किमतीने धरावे. इमारतीसाठी पुनर्बांधणीचा खर्च धरावा, जमिनीची किंमत त्यात मिळवू नये. जागा भाड्याची असल्यास फर्निचर, यंत्रे व साठा यांचा विमा आपण घ्यावा. इमारतीचा विमा मालकाने घ्यावा. फाजील रक्कम अशी कमी होते आणि संरक्षण मात्र घटत नाही.

२) व्यवसायाचे वर्णन अचूक द्यावे. केवळ विक्रीचे दुकान आणि औषधनिर्माण यांचे दर भिन्न असतात. दोन्ही एकाच छताखाली असल्यास संपूर्ण जागेला चढा दर लागण्याची शक्यता असते. पाकशाळा स्वतंत्र बांधकामात नेल्यास दुकानाचा दर उतरू शकतो. भट्टी लपवून दर कमी करून घेणे मात्र दावा बुडविणारे ठरते.

३) दरांची तुलना करावी. १ जानेवारी २००७ पासून अग्निविम्याचे दर बंधनकारक राहिलेले नाहीत. समान विमा रक्कम व समान अटी देऊन किमान तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवावेत.

४) किरकोळ नुकसान स्वतः सोसण्याची मर्यादा वाढविल्यास हप्त्यात सूट मिळते का, हे विचारावे.

५) आवश्यक संरक्षण वगळू नये. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी आंदोलनाच्या काळात बीड व माजलगाव येथे झालेली जाळपोळ आपण पाहिली आहे. पूर्वीच्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत दंगलीचा धोका वगळून हप्ता कमी करता येत असे. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत दंगल, पूर व भूकंप मुळातच समाविष्ट आहेत. ओलसर वनस्पती आपोआप तापून पेट घेण्याचा धोका मात्र जुन्या पॉलिसीत वगळलेला होता. आपल्या पॉलिसीत तो आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावे.

निदानपरिवर्जन

रोगाचे कारण टाळणे हीच आपली पहिली चिकित्सा, आणि तोच न्याय येथेही लागू पडतो. वायरिंगची तपासणी, एमसीबी व ईएलसीबी, साठ्यापासून दूर ठेवलेले गॅस सिलिंडर आणि मुदतीत तपासलेली अग्निशमन यंत्रे यांची छायाचित्रे व पावत्या प्रस्तावासोबत जोडाव्यात. दर ठरविताना त्यांचा विचार करण्याची विनंती करावी. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आतून तापून पेट घेऊ शकतो. म्हणून त्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकून रोज बाहेर न्याव्यात. कढईतील तेलाने पेट घेतल्यास पाणी कदापि टाकू नये. गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवावे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू आहे, त्यांनी जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रपत्र ‘ब’ सादर करावयाचे असते. रुग्णालय चालविणाऱ्या वैद्यांनी हे विसरू नये. विमा मालमत्तेची भरपाई देतो, प्राणांची नाही.

दाव्याची पूर्वतयारी

साठा नोंदवही व खरेदी बिलांची प्रत दुकानाबाहेर ठेवावी. दुकानासोबत नोंदवहीही जळाल्यास साठा सिद्ध करणे कठीण होते. आग लागताच अग्निशमन दल, पोलीस व विमा कंपनीस कळवावे आणि सर्वेक्षक येईपर्यंत जळालेला माल हलवू नये.

उपसंहार

नूतनीकरणाची सूचना आली की धनादेश लिहिण्यापूर्वी एक दिवस काढून साठा मोजावा. विमा रक्कम खऱ्या मूल्याइतकी ठेवून धोका कमी करणे, हाच हप्ता कमी करण्याचा योग्य मार्ग होय. रक्कम कमी करून वाचविलेला पैसा आगीच्या दिवशी अनेक पटींनी परत द्यावा लागतो.