ठासणीची बंदूक आणि आपलं एस.ओ.एम.

विषय वाचून दचकू नका. जव्हार-मोखाड्याकडे, साखरशेतसारख्या गावात नाचणी-वरई तयार होत आली की रात्री राखण करावी लागते, कारण रानडुकरं. पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो आणि अशी बंदूक बरेचदा ठासणीची असते. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातच, मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात शिकारीला गेलेल्यांच्या गोळीने सोबतचाच माणूस गेला. ती चूक नजरेची (आणि अशी शिकार बेकायदाच). मला लिहायचंय ते बार भरतानाच्या चुकीबद्दल, कारण ती आपल्या सिलॅबसमध्येच आहे.

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून काळी दारू, त्यावर गोळी, मग गजाने ठासायचं. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. तिचा जळण्याचा वेग दाबाबरोबर फारसा वाढत नाही. पॉल व्हिएलने १८८४ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेली बिनधुराची दारू मात्र नायट्रोसेल्युलोजची. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. आजच्या काडतुसात हीच असते. आता कुणी म्हणालं, "दारू ती दारू, काडतुसातली ओत ठासणीत," तर नळी फुटते. हातही जातो, डोळाही जातो.

फुटताना ती लांबीत चिरते. थिन सिलिंडर आठवा: हूप स्ट्रेस हा लाँजिट्युडिनलच्या दुप्पट. बंदुकीची नळी जाड असते, म्हणून तिथे लामेचं समीकरण लावायचं. त्यात सर्वांत जास्त ताण आतल्या पृष्ठभागावर येतो. गंज नेमका तिथेच लागतो! काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते, आणि आपल्याकडचा पावसाळा तर माहीतच आहे. म्हणून बार काढला की त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवून, कोरडी करून तेल लावायचं. गोळी अर्धवट ठासली आणि दारूच्या वर पोकळी राहिली तरी नळी फुगते किंवा फुटते.

दुसरी गोष्ट ठिणगीची. एक बार झाल्यावर तळाशी निखारा राहू शकतो. त्यावर थेट डब्यातून दारू ओतली तर जाळ डब्यात शिरतो. म्हणून माप वेगळं, डब्याचं झाकण बंद, तोंड नळीसमोर नाही. विडी तर लांबच. केप वाजली पण बार झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान एक मिनिट थांबायचं. दारू उशिराही पेटते.

अमेरिकेत रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरणं हा छंद आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे यूट्यूब बघून हात शिवशिवले तर आवरा.

सुट्टीत घरी गेलात आणि भिंतीला बंदूक दिसली तर ती भरलेली आहे का, एवढं विचारा. बघायचं काम परवानाधारकाचं: आधी केप काढायची, तोंड मोकळ्या दिशेला ठेवायचं, गज आत सोडायचा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून मोजायचा. बुडापासून चार बोटं वर थांबला असेल, तर आत बार आहे.