गरम इंजिन, उतरलेला काटा

प्रश्न : धारणीहून माल घेऊन आलो की जुन्या टाटा ट्रकचा ऑइल प्रेशरचा काटा आयडलला खाली येतो. दाट ऑइल टाकू का?
– एक वाचक, देडतलाई

उत्तर : नको. गरम ऑइल पातळ होतं, काटा थोडा उतरणारच. इंजिन कमिन्स ६बीटी असेल, तर गरम आयडलला किमान १० आणि पूर्ण वेगाला ३० पीएसआय पुरतात.

काट्यावर भरवसा ठेवू नका. सेंडर काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. दाब खरंच कमी निघाला, तर आधी डिपस्टिक बघा. पातळी वाढून डिझेलचा वास आला, तर संशय फीड पंपावर. मग फिल्टर, रिलीफ व्हॉल्व्ह. शेवटी चेंबर उतरवून बेअरिंग. दाट ऑइलने झीज झाकली जाते, भरून निघत नाही.

चालताना काटा शून्यावर गेला, तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी ओढूनच न्या.