कपॅसिटर कोठे बसवावा? : कृषिपंपांच्या वाहिनीचे गणित

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील ढोकी हे गाव तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित झाले. कारखाना म्हणजे ऊस, ऊस म्हणजे पाणी आणि पाणी उपसावयाचे म्हणजे वीज. अशा ऊसपट्ट्यात वाहिनीच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याचे गाऱ्हाणे बहुधा एकच असते : वीज आहे, पण मोटार उचलत नाही. दाब पडला की मोटार जादा प्रवाह ओढते, तापते आणि अखेर जळते. रोहित्रही त्याच वाटेने जाते आणि ते बदलून मिळेपर्यंत उभे पीक वाळू लागते.

मोटारीला पाणी उपसण्याच्या शक्तीखेरीज चुंबकीय क्षेत्रासाठीही प्रवाह लागतो. हा प्रवाह थेंबभर पाणी वर आणीत नाही. तरीही तो उपकेंद्रापासून शेतापर्यंत तारांतून वाहतो व त्या तापवितो. पंपाजवळ कपॅसिटर बसविल्यास ही गरज जागच्या जागी भागते. पाच अश्वशक्तीच्या पंपाचा शक्तिगुणक, म्हणजेच पॉवर फॅक्टर, ०.७५ असेल तर २ केव्हीएआरच्या कपॅसिटरने तो सुमारे ०.९१ होतो. प्रवाह १०० वरून ८२ वर येतो. तारांतील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती १०० वरून ६७ वर, म्हणजे एक-तृतीयांशाने उतरते.

प्रत्येक पंपाला कपॅसिटर नसेल तर तो वाहिनीवर बसवावा लागतो. आणि येथे संशोधकांचा प्रश्न सुरू होतो. भार वाहिनीभर सारखा पसरलेला असेल, तर चुंबकीय गरजेच्या दोन-तृतीयांश क्षमतेचा कपॅसिटर उपकेंद्रापासून दोन-तृतीयांश अंतरावर बसवावा, असा जुना नियम आहे. त्या गरजेपोटी होणाऱ्या हानीपैकी ८९ टक्के हानी त्यामुळे टळते. परंतु विहिरी काही समान अंतरावर खोदलेल्या नसतात! त्या ओढ्याकाठी दाटीने असतात, माळावर तुरळक. वाहिनीला फाटे फुटतात. तीस जागांपैकी तीन निवडावयाच्या म्हटल्या तरी ४,०६० पर्याय होतात. त्यात कपॅसिटरचे आकार व किमती मिळविल्या की संगणकाखेरीज गत्यंतर नाही. बरान आणि वू या संशोधकांनी १९८९ मध्ये शाखायुक्त वाहिनीसाठी या निवडीची पद्धत मांडली. त्यांच्याच त्या वर्षीच्या दुसऱ्या निबंधातील १२.६६ किलोव्होल्टची, ३३ नोडची वाहिनी आजही असंख्य प्रबंधांत कसोटीसाठी घेतली जाते.

ही कसोटी उपयुक्त खरी. पण तीत सर्व भार एका क्षणापुरते स्थिर धरलेले असतात. आपल्याकडील कृषिवाहिनी ११ किलोव्होल्टची. तिला पाळीने वीज मिळते, आणि पावसाळ्यात बरेच पंप बंद राहतात. पंप बंद असताना वाहिनीवरील कायम जोडलेला कपॅसिटर उलट दाब चढवितो व हानीही वाढवू शकतो. पंपाच्या स्टार्टरला जोडलेला कपॅसिटर मात्र पंपाबरोबरच बंद होतो. शेतावरच्या छोट्या कपॅसिटरचे हे मोल वार्षिक हिशेबातच दिसते. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या भागातील एखादी कृषिवाहिनी ऋतुवार मोजून घेतली, तर तो हिशेब नेमका मांडता येईल.

कोणत्या रोहित्रावर किती अश्वशक्तीचे किती पंप चालतात, हे गावाला पुष्कळदा कागदापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. ऑटोस्विच किती मोटारींना आहेत, हेही. पाळी सुरू होताच असे सर्व पंप एकदम चालू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सहापट प्रवाह घेते. त्या क्षणी रोहित्रावर येणारा भार, कपॅसिटरची जागा कितीही अचूक काढली तरी, टळत नाही.