"बरोबरच्या लोकांत असेल"



आजचं वाचन : लूक २:४१-५१

आपल्या नगर जिल्ह्याला यात्रा नवीन नाहीत. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना इथूनच जाते. सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. आणि आता पवित्र भूमीची टूर असते : जॉर्डन, इस्राएल, इजिप्त, एक बस, सगळ्यांच्या गळ्यात सारखे बॅज. मंडळीत तिची घोषणा झाली की दोन गट पडतात. एक म्हणतो, आयुष्यात एकदा तरी तिथे उभं राहायचंय. दुसरा म्हणतो, एवढ्या पैशात किती मुलांची फी भरली असती! दुसरा प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका.

पण लूक काय सांगतो बघा. योसेफ आणि मरीया दरवर्षी वल्हांडणाला यरुशलेमेस जात. हे घर श्रीमंत नव्हतं. बाळाच्या वेळी त्यांनी पक्ष्यांचं अर्पण आणलं (२:२४), आणि लेवीय १२:८ प्रमाणे ते ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांचं अर्पण. शिवाय अनुवाद १६:१६ ची आज्ञा पुरुषांना होती. मरीया घरी थांबली असती तरी चाललं असतं. तरी ती जायची.

नासरेथ ते यरुशलेम म्हणजे साधारण नगर ते पुणे, वाट कोणती धरली त्यावर थोडं कमी-जास्त. पण पायी. यरीहोवरून गेलात तर शेवटचा टप्पा भारी : यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली, यरुशलेम सुमारे ७५० मीटर वर. तुमच्यापैकी जे बारी गावातून कळसूबाई चढलेत त्यांनी त्याहून थोडा जास्त चढ धरावा, पंचवीसेक किलोमीटरवर पसरलेला, लेकरं आणि सामान घेऊन. म्हणून लोक घोळक्याने जात. स्तोत्र १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं अशाच वाटेवरची मानली जातात. मंदिराच्या दक्षिणेला १९६७ नंतरच्या उत्खननात रुंद पायऱ्या उघड्या झाल्या. त्यांची रुंदी सारखी नाही, एक अरुंद तर पुढची रुंद, त्यामुळे धावत चढता येत नाही. आजचे ग्रुप तिथे बसून ही स्तोत्रं वाचतात. टूरमधली माझ्या मते सगळ्यात चांगली जागा हीच, कारण इथे फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही.

आता वचन ४४. परत निघाल्यावर एक दिवसाची वाट चालून झाली, आणि येशू बरोबर नाही हे आईबापांच्या लक्षात आलं नाही. का? निष्काळजी होते म्हणून? लूक तसं म्हणत नाही. तो कारण देतो : तो बरोबरच्या लोकांत असेल असं त्यांना वाटलं. मूळ ग्रीकमध्ये इथे जे क्रियापद आहे, तेच पुढे ३:२३ मध्ये येतं, जिथे लोक येशूला योसेफाचा मुलगा समजत होते. म्हणजे गृहीत धरणं. आपल्या ऑफिसच्या भाषेत, टेस्ट न केलेलं ॲझम्प्शन. सगळं सुरळीत दिसतं, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि आतून मुख्य गोष्टच गायब.

ग्रुपचा धोका इथे आहे, आणि तो टूरपुरता नाही. बसमध्ये गाईड प्रत्येक ठिकाणी डोकी मोजतो. पंचेचाळीस भरली की बस सुटते. येशूला मोजायचं काम कोणाच्याच यादीत नसतं. नगरहून पुण्याला, हिंजवडीला आलेल्या आपल्यापैकी कितीतरी जण असेच चाललेत : फेलोशिपचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रविवारी गाणी आहेत, आईची प्रार्थना पाठीशी आहे, म्हणजे तोही इथेच कुठेतरी असणार. एक दिवसाची वाट होते, मग एक वर्षाची.

त्या दोघांनी पुढे काय केलं तेही साधं आहे. आधी नातलगांत शोधलं. तिथे नाही म्हटल्यावर तोच चढ उलटा चढले आणि तीन दिवसांनी मंदिरात तो सापडला. नातलगांना बोल लावल्याचं लूक लिहीत नाही. त्याचं उत्तर, की मी पित्याच्या घरी असणार हे तुम्हांला ठाऊक नव्हतं का, त्यांना समजलंही नाही (वचन ५०). तरी मरीयेने ते मनात जपून ठेवलं.

टूरला जाणाऱ्यांनी जावं. जाताना ज्यांना जमणार नाही त्यांची नावं वहीत लिहून न्या आणि त्या पायऱ्यांवर एकेकासाठी प्रार्थना करा. फीचा प्रश्न विचारणाऱ्यांनी एका मुलाची फी या महिन्यात खरंच भरा.

आज रात्री दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून : मी त्याच्याशी शेवटचं कधी बोललो, ग्रुपमध्ये नाही, एकट्याने?

प्रभू, आम्ही तुला बरोबरच्या लोकांत धरून चाललो आहोत. जिथे सोडलं तिथवर परत यायला पाय दे. आमेन.

उद्याचं वाचन : स्तोत्र १२२