क्षणजीवी रेणूंची परीक्षा

आपल्या डोक्यावर सुमारें १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असलेला ओझोन वायूचा विरळ थर सूर्याचे घातक अतिनील किरण अडवितो, हें विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. त्या थराच्या वैऱ्याचें दर्शन मात्र प्रथम प्रयोगशाळेंत घडलें. आणि तो वैरी आहे हें तेव्हां कोणासही माहीत नव्हतें.

केंब्रिज येथें नॉरिश व पोर्टर यांनीं १९४९ च्या सुमारास एक नामी युक्ति योजिली. नळींतील वायूवर प्रखर प्रकाशाचा झोत क्षणमात्र टाकावयाचा, म्हणजे रेणु फुटतात. लागलीच, सेकंदाच्या सहस्रांशाच्या आंतबाहेर, दुसरा झोत टाकून वर्णपटाचें छायाचित्र घ्यावयाचें. क्लोरीन व प्राणवायु यांच्या मिश्रणांत पोर्टर यांस या रीतीनें क्लोरीन मोनॉक्साइड सांपडला. हा रेणु बाटलींत भरून ठेवतां येत नाहीं. जन्मतांच तो दुसऱ्याशीं संयोग पावूं लागतो. म्हणून त्याची परीक्षा त्याच्या अल्प आयुष्यांतच उरकावी लागते!

पुढें १९७४ त मोलिना व रोलंड यांनीं दाखविलें कीं, शीतयंत्रांतील निरुपद्रवी मानलेले क्लोरोफ्लुओरोकार्बन वायु उंचावर फुटून क्लोरीन मोकळा करितात. क्लोरीनचा अणु ओझोनपासून प्राणवायूचा एक अणु हिरावून मोनॉक्साइड बनतो, तो सुट्या प्राणवायूच्या अणूस देऊन पुनः मोकळा होतो, आणि पुनः तोच उद्योग! असा एक अणु हजारों ओझोनरेणूंचा फडशा पाडतो. १९८५ त अंटार्क्टिकावरील ओझोनची घट प्रसिद्ध झाली व १९८७ त माँट्रियल येथें त्या वायूंवर निर्बंध घालणारा करार झाला.

शुक्रावर सूर्यप्रकाशानें फुटलेला कार्बन डायॉक्साइड पुनः कसा जुळतो, या कोड्यांतही क्लोरीनचाच हात असावा असें शास्त्रज्ञ मानतात.