केगमधला संत्रा सोडा

महाराष्ट्रात घरी बिअर बनवायची तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तेव्हा नागपुरात हौसेने केग घेतलाच असेल तर त्यात संत्र्याचं सरबत भरावं. गॅस भरायची रीत तीच, फक्त सोड्याला दाब जास्त लागतो.

पाच लिटरच्या केगमध्ये चार लिटरच भरा, वर मोकळी जागा हवी. मृग बहराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये कळमना बाजारात येतात, ती उत्तम. सव्वा लिटर रस, ३०० ग्रॅम साखरेचा पाक, दोन लिंबं, चिमूटभर काळं मीठ आणि बाकी उकळून गार केलेलं पाणी. उकळलेल्या पाण्यात हवा उरत नाही, त्यामुळे गॅस चांगला मुरतो.

रस काढण्याआधी फोडींतल्या बिया काढा. मिक्सरमध्ये बिया भरडल्या की संपलंच! संत्र्यात लिमोनिन हळूहळू तयार होतं, त्यामुळे काढताना गोड लागलेला रस काही तासांनी कडवट होतो. रस दुहेरी मलमलीतून गाळा, नाहीतर चोथ्याने केगची नळी तुंबते.

आता केग आणि सरबत रात्रभर फ्रिजमध्ये, ४ अंशांपर्यंत गार होऊ द्या. खरी मेख इथेच आहे. ३० अंशांच्या पाण्यात मुरणारा कार्बन डायऑक्साइड ४ अंशांच्या पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, आणि मार्चअखेरीस नागपूरचं दुपारचं तापमान ३० च्या बरंच वर जातं. सोडा मिळमिळीत झाला की लोक रेग्युलेटरचा स्क्रू पिळत बसतात. दाब नव्हे, गारवा वाढवा.

खाण्यापिण्यासाठीच्या गॅसचा सिलिंडर उभा ठेवा, रेग्युलेटरशिवाय जोडू नका. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासा. सरबत भरून झाकण लावा, थोडा गॅस सोडा आणि झडप उचलून आतली हवा बाहेर काढा, असं तीनदा. मग दाब ३० पीएसआयवर आणा. केगवर छापलेली मर्यादा याहून कमी असेल तर तिच्या आतच थांबा. (बिअरला एवढ्या गारव्यात १२ पुरतात.) गॅसची तोटी वर राहील असा केग धरून पाचेक मिनिटं हलवा. रेग्युलेटरची फुसफुस थांबली की झालं. पुन्हा रात्रभर फ्रिजमध्ये.

वाढण्याआधी गॅस बंद करा, झडपेतून वरचा दाब सोडा आणि पाच पीएसआयवर ग्लास तिरपा धरून ओता. पहिल्या ग्लासात फेसच येईल.

रस उकळलेला नसल्यामुळे तो थंडीतही आंबू शकतो. तीन दिवसांत संपवा.