दिल्लीतील सणासुदीचे दिवस आणि आपला श्वास

घटस्थापना झाली की दिल्ली परिसरात सणांची रांग लागते. रामलीला, दसरा, करवा चौथ, धनत्रयोदशी, दिवाळी, छठ, आणि तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई. नोएडा, गुरुग्राम, पहाडगंज, कुठेही राहणारे मराठी कुटुंब असो, त्याला इथले सण आणि आपले सण असे दुहेरी साजरे करायचे असतात. त्यातच सत्संग आणि सेवेची धावपळ. या दीड-दोन महिन्यांत शरीराकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि नेमकी याच दिवसांत इथली हवा बिघडू लागते.

असे का होते, हे थोडे समजून घेऊ या. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वारा मंदावतो. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो. वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, पंजाब-हरियाणात जाळलेल्या पराळीचा धूर आणि फटाक्यांचा धूर या झाकणाखाली अडकतो. ऊन तापल्यावर झाकण उचलले जाते. म्हणून या दिवसांत साधारणपणे रात्री आणि पहाटे हवा सर्वांत वाईट असते, तर दुपारी त्यातल्या त्यात बरी.

साधकांची अडचण इथेच आहे. पहाट ही आपली लाडकी वेळ. पहाटे उठावे, मोकळ्या हवेत फिरावे, बागेत बसून प्राणायाम करावा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गावाकडे ते योग्यच आहे. पण दिवाळीनंतरच्या दिल्लीत तोच नियम जसाच्या तसा पाळला, तर फुप्फुसांवर अन्याय होतो. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. भरभर चालताना हेच प्रमाण तीन-चार पट होते. भस्त्रिकेतही श्वासाचा जोर वाढतो. हवेतील पीएम २.५ नावाचे कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतात. ते नाकात न अडकता थेट खोलवर जातात. २०२५ च्या दिवाळीत सर्वोच्च न्यायालयाने इथे हरित फटाक्यांना सकाळी ६ ते ७ आणि रात्री ८ ते १० एवढीच मुभा दिली होती. सकाळची ती वेळ म्हणजे आपल्या अभ्यंगस्नानाची आणि प्राणायामाचीच!

मग पहाटे उठू नये का? अवश्य उठावे. ध्यान, जप, वाचन पहाटेच करावे, पण घरात. फिरणे दुपारनंतर उन्हात ठेवावे. भस्त्रिका आणि कपालभाती हवा निवळेपर्यंत बाजूला ठेवून घरातच संथ अनुलोम-विलोम करावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर आपल्या भागाचा निर्देशांक दिसतो. तो ३०० च्या वर गेला की ‘अत्यंत खराब’ आणि ४०० च्या वर ‘गंभीर’. अशा दिवशी बाहेर जावेच लागले तर एन ९५ मास्क लावावा. तोंडावर बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही.

घरातल्या हवेचाही विचार हवा. खिडक्या बंद करून आपण धूप, कापूर आणि चार-चार उदबत्त्या लावतो. तोही धूरच आहे. एक निरांजन लावून पूजा अपुरी राहत नाही. चकल्या, करंज्या दुपारी तळाव्यात, म्हणजे खिडकी उघडी ठेवता येते.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. प्राणायाम सुरू केला म्हणून दम्याचा पंप किंवा रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणारे साधक असतात. ही श्रद्धा नव्हे. ज्यांना दमा, हृदयविकार किंवा मधुमेह आहे, त्यांनी सणांआधीच डॉक्टरांना भेटून घ्यावे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासही विचारूनच करावा, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. धाप लागली, छातीत दुखले किंवा ओठ निळसर दिसले, तर काढा करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आहाराबद्दल शार्ङ्गधर संहितेत एक सुंदर संकेत आहे. कार्तिकाचे शेवटचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस तिथे ‘यमदंष्ट्रा’, म्हणजे यमाची दाढ, म्हटले आहेत. ऋतू बदलतो आहे, या दिवसांत जो कमी खाईल तो तरेल, असा त्याचा भाव. आणि आपण काय करतो? फराळाचे डबे संपत नाहीत तोच लग्नाच्या पंगतींना लागतो! त्यातून दिल्लीतल्या मेजवान्या रात्री दहा-अकरापर्यंत वाढल्याच जात नाहीत. लग्नाला निघण्यापूर्वी घरी वरण-भात किंवा मुगाची खिचडी खावी आणि तिथे यजमानांच्या समाधानापुरते थोडे ताटात घ्यावे. सोनपापडीचा प्रत्येक डबा आपणच संपवायचा असतो असे नाही. माव्याची मिठाई मात्र ताजी असतानाच संपवावी किंवा वाटून टाकावी.

झोपेचे गणितही आधी मांडावे. रात्री बाराला घरी आलात आणि चारला उठलात, तर ध्यानात डुलकीच लागणार. अशा दिवशी तास-दीड तास उशिरा उठावे आणि ध्यान थोडे छोटे करावे. घरातील ज्येष्ठांना छठच्या घाटावर किंवा लग्नाला न्यायचे असेल, तर त्यांची औषधे, गरम पाण्याची बाटली आणि मफलर आदल्या संध्याकाळीच पिशवीत भरून ठेवावा.